वर्गणी भरली, पण पोचली का?

*ग्रंथालय-सल्ला : वाचकांचे प्रश्न*

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात: संस्थेची नियतकालिकं एजन्सीमार्फत घ्यावीत का, आणि घ्यायची तर एजन्सी कशी निवडावी. म्हणून चारही एकत्र घेतली आहेत. नोकरीचा बहुतेक काळ मी नियतकालिक विभागात काढला, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. मॅडम, मी सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात नुकताच ग्रंथपाल म्हणून रुजू झालो आहे. आमच्याकडे ५४ नियतकालिकं येतात, त्यांतली ९ परदेशी. वर्षाचा खर्च साधारण चार लाख. आजवर प्रत्येकाची वर्गणी वेगळी जायची. लेखा विभाग त्याला कंटाळला, म्हणून यंदा सगळं एका एजन्सीकडे द्यायचं ठरलं आहे. तीन दरपत्रकं आली. पहिली एजन्सी १२ टक्के सूट देते, पण पूर्ण रक्कम आगाऊ मागते. दुसरी ३ टक्के सूट देते. तिसरी सूट तर देत नाहीच, वर ४ टक्के सेवाशुल्क लावते. सचिवसाहेब म्हणतात, पहिलीला देऊन टाका. मला धाकधूक वाटते, पण का ते नीट सांगता येत नाही.

उत्तर : तुमची धाकधूक रास्त आहे आणि तिचं कारण सचिवसाहेबांना आकड्यांत सांगता येईल.

खुर्च्या घेतल्या तर आपण त्या मोजून घेतो आणि मग बिल देतो. नियतकालिकांत उलटं असतं. पैसे आधी जातात आणि माल वर्षभर थोडा थोडा येत राहतो, तोही पन्नास ठिकाणांहून. एजन्सी छापत काहीच नाही. तुमचे पैसे प्रकाशकापर्यंत पोचवणं आणि अंक आला नाही तर त्याच्या मागे लागणं, ही तिची दोनच कामं. दरपत्रकात या दोन्हींबद्दल एक ओळही नसते, सूट मात्र ठळक अक्षरांत असते.

चार लाखांवर १२ टक्के म्हणजे ४८ हजार रुपये. ते येतात कुठून, हा पहिला प्रश्न विचारा. काही प्रकाशक एजन्सीला कमिशन देतात, पण सगळे देत नाहीत आणि जे देतात तेही सारखं देत नाहीत. परदेशी विद्वत्संस्थांची जर्नलं तर फार थोडं देतात, काही जण काहीच देत नाहीत. म्हणजे ४८ हजारांतला मोठा भाग तुमच्याच पैशातून निघणार. त्याच्या वाटा मला ठाऊक आहेत.

एक वाट मूळ किमतीची. ज्याची वर्गणी १,८०० रुपये आहे ते २,२०० म्हणून लावायचं आणि त्यावर सूट दाखवायची. म्हणून प्रत्येक नावासमोर प्रकाशकाने त्या सालासाठी जाहीर केलेला दर हवा. तो प्रकाशकाच्या संकेतस्थळावरचा किंवा छापील दरपत्रकातला असावा आणि त्यावर साल दिसायला हवं. एजन्सीच्या लेटरहेडवर टंकलेला तक्ता म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरी वाट विनिमय दराची. तुमची नऊ परदेशी जर्नलं मिळून समजा तीन हजार डॉलर होतात. बँकेच्या दरापेक्षा डॉलरमागे तीन रुपये जास्त लावले की नऊ हजार तिथंच परत गेले, आणि बिलावर कुणाच्या डोळ्यांत काही खुपत नाही. बिलाच्या तारखेचा बँकेचा विक्री दर धरायचा आणि त्याचा कागद बिलाला जोडायचा, असं आधीच लिहून घ्या. जी जर्नलं भारतातच छापली जातात किंवा ज्यांचा भारतासाठी रुपयांत वेगळा दर आहे, त्यांचं बिल डॉलरमध्ये लावू देऊ नका.

तिसरी वाट मला सगळ्यांत वाईट वाटते. बहुतेक विद्याविषयक नियतकालिकांना व्यक्तीसाठी एक वर्गणी असते आणि संस्थेसाठी त्याहून बरीच मोठी. काही पुरवठादार तुमच्याकडून संस्थेची वर्गणी घेतात आणि प्रकाशकाकडे कुणातरी व्यक्तीच्या नावाने भरतात. अंक येत राहतात, म्हणून लक्षात येत नाही. मग एक अंक हरवतो, तुम्ही प्रकाशकाला लिहिता आणि उत्तर येतं की या नावाची संस्था आमची वर्गणीदार नाही. म्हणून वर्षाच्या पहिल्या अंकाचं वेष्टन फेकू नका. त्यावरच्या पत्त्याच्या पट्टीवर वर्गणीदाराचं नाव असतं, बहुतेकदा वर्गणीदार क्रमांक आणि वर्गणी कधी संपते तेही असतं. ती पट्टी कापून फाइलला लावा. एजन्सी आपल्या पाकिटात घालून अंक पाठवत असेल तर त्यात गैर काही नाही, परदेशी अंक एकत्र मागवून वाटणाऱ्या चांगल्या एजन्सीही आहेत. पण मग वर्गणीदार क्रमांक लेखी मागून घ्या.

आता आगाऊ रकमेबद्दल. इथं मी जरा जास्त थांबणार आहे.

२००३च्या जानेवारीत अमेरिकेत रोकॉम या फार मोठ्या एजन्सीचं दिवाळं निघालं. ही मूळची फॅक्सन, ग्रंथालयांच्या चांगली ओळखीची जुनी एजन्सी. तिला रोकॉमने घेतलं आणि रोकॉमला डिव्हाइन नावाच्या कंपनीने. ग्रंथालयांनी २००३ सालच्या वर्गण्यांचे कोट्यवधी डॉलर २००२मध्येच भरले होते. त्यांतले बरेचसे प्रकाशकांकडे गेलेच नाहीत. पुढे एब्स्को या दुसऱ्या एजन्सीने तो व्यवसाय घेतला आणि बऱ्याच प्रकाशकांनी पैसे न मिळताही अंक चालू ठेवले, म्हणून ग्रंथालयांचं काही अंशी निभावलं. त्यानंतर अकरा वर्षांनी, सप्टेंबर २०१४मध्ये, नेदरलँड्सची स्वेट्स दिवाळखोर ठरली. १९०१ साली अॅमस्टरडॅममध्ये सुरू झालेली ही पेढी, शंभर वर्षांहून जुनी, जगभर ग्राहक असलेली. आणि महिना पाहा: सप्टेंबर. पुढच्या सालच्या वर्गण्यांचे पैसे गोळा व्हायला लागतात तो काळ.

जुनं नाव, मोठं कार्यालय आणि चकचकीत कॅटलॉग बघून आपण निर्धास्त होतो, म्हणून हे सांगितलं. एजन्सी लहान असो की मोठी, तुमचे पैसे तिच्या खात्यात जितके दिवस पडून राहतात तितके दिवस ते धोक्यात असतात. ते दिवस कमी करणं तुमच्या हातात आहे.

सरकारी संस्थांत माल मिळण्याआधी पैसे देऊ नयेत हा साधारण नियम आहे. नियतकालिकांसाठी त्याला मुरड घालावी लागते आणि मग मोठ्या ग्रंथालयांत आगाऊ रकमेइतकी बँक हमी मागितली जाते. तुमच्या चार लाखांसाठी एखादा छोटा पुरवठादार बँक हमी देईल असं मला वाटत नाही. त्याला बँकेत पैसे अडकवावे लागतात आणि तो ते किमतीत वसूल करतो. तुमच्यासाठी मी साधा मार्ग सुचवेन. ऑर्डरचे दोन भाग करा. भारतीय नावांचं बिल वेगळं, परदेशी नावांचं वेगळं. पहिल्या भागाचे पैसे द्या आणि पंचेचाळीस दिवसांत प्रत्येक नावाची प्रकाशकाकडची पावती मागा. पावत्या आल्या की दुसरा भाग. परदेशी जर्नलांसाठी पैसे गेल्याचा बँकेचा कागद पुरत नाही. बँकेच्या कागदावर एकच मोठी रक्कम असते आणि त्यात कुणाकुणाची वर्गणी आहे ते कळत नाही. प्रकाशकाची ईमेल किंवा पावती हवी, तिच्यात तुमच्या महाविद्यालयाचं नाव, जर्नलचं नाव आणि साल हवं.

दरपत्रकांची तुलना करताना सुटीचे टक्के शेजारी शेजारी मांडू नका. तुलनात्मक तक्त्यात प्रत्येक नियतकालिकासमोर तिन्ही एजन्सींची रुपयांतली अंतिम रक्कम लिहा, सेवाशुल्क धरून. बहुधा असं दिसेल की १२ टक्केवाली काही नावांत ३ टक्केवालीपेक्षा महाग आहे. शेवटी आणखी दोन रकाने जोडा: प्रकाशकाची पावती किती दिवसांत देणार, आणि न आलेल्या अंकाचे पैसे परत करणार का. सचिवांसमोर हा तक्ता ठेवला की ‘सर्वांत कमी दर’ हा शब्द कागदावर वेगळा दिसायला लागतो. ऑडिटमध्ये उत्तर देणंही सोपं जातं.

मग फोन करा. एजन्सीकडून तिच्या ग्राहक संस्थांची यादी घ्या आणि त्यांतल्या तीन-चार ठिकाणी बोला. ग्रंथपालांशी बोलाच, पण तिथं रोज टपाल फोडून अंकांची नोंद करणारे जे कुणी असतील त्यांना फोन द्यायला सांगा. खरी माहिती त्यांच्याकडे असते. त्यांना विचारा: न आलेला अंक कळवल्यावर किती दिवसांनी येतो? एखादं नियतकालिक मधेच बंद पडलं तेव्हा उरलेले पैसे परत मिळाले का? ऑर्डर मिळून गेल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, फोन कोण उचलतं? या तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस किती वेळ गप्प राहतो यावरून मला पुष्कळ कळत आलं आहे.

ऑर्डरचं पत्र मोघम लिहू नका. नियतकालिकाचं पूर्ण नाव आणि आठ अंकी आयएसएसएन, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहा. ‘जर्नल ऑफ फिजिक्स’ म्हटलं तर त्याच्या ए, बी, डी अशा वेगवेगळ्या मालिका आहेत. शिवाय छापील हवं की ऑनलाइन, कोणत्या खंडाच्या कोणत्या अंकापासून कोणत्या अंकापर्यंत, संस्थेच्या दराने, हे सगळं लिहा. अंक मागे पडला तर स्मरणपत्र कोण पाठवणार आणि किती दिवसांत, हेही लिहा. बरेच प्रकाशक न मिळालेल्या अंकाची तक्रार ठरावीक मुदतीतच ऐकतात, साठ किंवा नव्वद दिवस. एजन्सीने तुमचं पत्र खिशात ठेवून ती मुदत घालवली तर तो अंक गेलाच. म्हणून कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातलं नियतकालिकांचं मॉड्यूल खरोखर वापरा. त्यात अपेक्षित अंकांच्या तारखा आधी मांडता येतात आणि उशीर झालेला अंक आपोआप समोर येतो. कोहा नसेल तर कार्डेक्सच्या, म्हणजे आलेल्या अंकांची नोंद ठेवण्याच्या, कार्डावर पेन्सिलीने तारखा घाला, तेही उत्तम चालतं. पण नोंद तुमची हवी. काय आलं नाही हे एजन्सीने तुम्हाला सांगावं, अशी वाट पाहू नका.

एक अंक हरवला तर काय मोठंसं, असं संस्थाचालकांना वाटतं. मला ते कधीच किरकोळ वाटलं नाही. पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत घेता येते. नियतकालिकाचा अंक मोजका छापतात आणि वर्षभरानंतर तो प्रकाशकाकडेही नसतो. बांधणी करताना मधे ‘अंक ३ नाही’ अशी चिठ्ठी घालून खंड शिवावा लागतो. पुढे एखादी विद्यार्थिनी नेमका त्याच अंकातला लेख शोधत येते आणि आपण तिला ती चिठ्ठी दाखवतो. माझ्या टेबलासमोर असं घडलं आहे, आणि त्या मुलीला दुसऱ्या गावी जाऊन तो लेख पाहावा लागला.

वेळेचंही बघा. परदेशी आणि बहुतेक विद्याविषयक नियतकालिकांचं साल जानेवारी ते डिसेंबर, आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पैसे शिल्लक आहेत म्हणून मार्चअखेर ऑर्डर गेली की वर्षाचे पहिले दोन-तीन अंक छापून, वाटून संपलेले असतात. ग्रंथालय समितीची बैठक ऑगस्टमध्ये घ्या, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑर्डर द्या. काही प्रकाशक लवकर पैसे भरणाऱ्यांना थोडी सवलत देतात, ती तुमच्या बिलात उतरली का तेही विचारा.

तिघींपैकी कोण? तिघींनाही एकच पत्र पाठवा: प्रकाशकाच्या दराचा पुरावा, बँकेचा विनिमय दर, पंचेचाळीस दिवसांत पावत्या, न आलेल्या अंकांचे पैसे परत. लेखी होकार फक्त तिसरीचा आला, तर तिला ४ टक्के म्हणजे सोळा हजार रुपये द्या आणि मनात किंतु ठेवू नका. तेवढं काम ती करत असेल तर ते तिच्या कष्टाचे पैसे आहेत. पहिलीही लेखी तयार झाली तर तिचाही विचार करा. माझा अंदाज आहे की तिची सूट तेव्हा खाली येईल.

प्रश्न : मॅडम, आम्ही ठाणे जिल्ह्यातली एक लहान संशोधन संस्था. गेल्या वर्षअखेर एका एजन्सीला पूर्ण रक्कम दिली. सात नियतकालिकांचा एकही अंक आलेला नाही. आधी ‘प्रकाशकाकडून उशीर’ असं सांगत होते, आता फोनच उचलत नाहीत. काय करावं?

उत्तर : एजन्सीच्या मागे लागण्याआधी सातही प्रकाशकांना आजच ईमेल करा. संस्थेचं नाव, पत्ता, साल, एजन्सीचं नाव, आणि एकच प्रश्न: आमच्या नावाने वर्गणी नोंदली आहे का? आठवड्याभरात चित्र स्पष्ट होईल. काही ठिकाणी वर्गणी भरलेली असेल आणि अंक चुकीच्या पत्त्यावर जात असतील. तिथं भांडण नाही, पत्ता दुरुस्त करायचा. जिथं पैसे पोचलेच नाहीत तिथं झालेला प्रकार सांगून अंक राखून ठेवण्याची विनंती करा, पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा सोबत जोडा. संपादकीय कार्यालयातली माणसं अशा वेळी चांगलं वागतात, निदान ऑनलाइन वाचनाची सोय तरी काही दिवस देतात.

मग एजन्सीला लेखी नोटीस पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा आता राहिलेली नाही, ती २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा ठेवा. नोटिशीत प्रत्येक नाव, रक्कम आणि प्रकाशकाचं उत्तर लिहा.

एजन्सी कंपनी आहे, भागीदारी आहे की एकट्याच्या मालकीची पेढी, ते पाहा. मालकीची पेढी असेल तर मालक स्वतः देणेकरी असतो. कंपनी असून तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली असेल, तर जाहीर सूचनेत दावे दाखल करण्याची शेवटची तारीख असते. ती चुकवू नका आणि वकिलाला वेळेत गाठा. करारातल्या पैशांच्या वसुलीचा दावा साधारणतः तीन वर्षांत लावावा लागतो. आणि हे सगळं कार्यकारी मंडळाला आजच लेखी कळवा. संस्थेचे पैसे आहेत, एकट्याने ओझं वाहू नका.

प्रश्न : ताई, आमचं रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय, ‘ब’ वर्ग. दैनिकं आणि स्टॉलवरची मासिकं पेपर एजंट टाकतो. लहान मराठी नियतकालिकं मात्र कधी येतात, कधी येत नाहीत. एक पुरवठादार म्हणतो, सगळ्यांच्या वर्गण्या माझ्याकडे द्या. द्याव्यात का?

उत्तर : नको. तुमच्यासाठी एजन्सी म्हणजे मधे एक जास्तीची पायरी.

स्टॉलवर मिळतं ते पेपर एजंटाकडेच राहू द्या. तो रोज दारात येतो, अंक चुकला तर दुसऱ्या दिवशी सांगता येतं. जी टपालाने येतात त्यांची वर्गणी थेट भरा. साने गुरुजींनी १९४८मध्ये सुरू केलेलं ‘साधना’ असो, वाईचं ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ की बालभारतीचं ‘किशोर’, यांतल्या कुणालाही तुमच्यात आणि त्यांच्यात मध्यस्थ असावा अशी गरज नाही. लहान नियतकालिकांचं गणित वर्गणीदारावरच उभं असतं. त्यातून एजन्सीला कमिशन गेलं तर त्यांच्या कागदाला आणि टपालाला तेवढे पैसे कमी पडतात. वाचनालयाने ते होऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अंक का चुकतात तेही बघू. नोंदणीकृत नियतकालिकांना टपालखातं सवलतीचा दर देतं, त्या बदल्यात अंक ठरलेल्या टपाल कार्यालयात ठरलेल्या तारखांनाच टाकावा लागतो. ती तारीख अंकावर छापलेली असते. हे टपाल साधं जातं, मागोवा घेता येत नाही. तारीख पाहून त्यापुढे दहा-बारा दिवस धरा, तोवर आला नाही तर संपादकीय कार्यालयाला फोन करा. महिना गेल्यावर केलात तर शिल्लक प्रत असेलच असं नाही. आणि आपल्या बाजूचं पाहा: वाचनालयाच्या सुटीच्या दिवशी पोस्टमनकाका गठ्ठा कुठं ठेवतात? शेजारच्या दुकानात ठेवत असतील तर अंक तिथंच वाचले जातात आणि तिथंच राहतात. पोस्टात जाऊन सुटीचा वार सांगून या, किंवा दाराला कुलूपवाली टपालपेटी बसवा.

वर्गणी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची घेऊ नका. आजीव वर्गणी आकर्षक वाटते, पण नियतकालिकाचं आयुष्य आपल्या हातात नसतं. पावत्या दहा ठिकाणांहून येतील म्हणून खजिनदार कुरकुरतील. एका वहीत नाव, रक्कम, तारीख, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि वर्गणी संपण्याचा महिना लिहा, पावती समोर चिकटवा. ग्रंथालय निरीक्षणाच्या वेळी ही वही पुढे केली की विषय संपतो.

दिवाळी अंकांबद्दल एक: बऱ्याच मासिकांच्या वार्षिक वर्गणीत दिवाळी अंक धरलेला असतो. पुरवठादाराकडून दिवाळी अंकांचा संच घेताना ती नावं वगळा, नाहीतर एकाच अंकाचे पैसे दोनदा जातात. वाचलेल्या पैशांत संचाबाहेरचा एखादा अंक येईल, आणि दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरणाऱ्या सभासदांना तो हवाच असतो.

प्रश्न : मॅडम, मी शासकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये आमचं महाविद्यालय आलं. प्राचार्य म्हणतात, आता छापील जर्नलं आणि एजन्सी दोन्ही बंद करा. दुसरीकडे एक एजन्सी ई-जर्नलांचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागली आहे. मी काय सांगू?

उत्तर : प्राचार्यांचं निम्मं बरोबर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ला मंजूर केलेली ही योजना १ जानेवारी २०२५पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नलं ६,३००हून अधिक सरकारी संस्थांना खुली झाली. समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या केंद्रीय माहिती-जाळ्याकडे आहे. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, आयईईई यांची जर्नलं लहान गावातल्या महाविद्यालयाला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्या यादीतल्या नावासाठी एजन्सीला पुन्हा पैसे देऊ नका.

पण आधी यादी आणि तुमची कार्डं शेजारी ठेवून नावागणिक ताडून पाहा. मराठी नियतकालिकं आणि भारतीय विद्वत्संस्थांची कितीतरी जर्नलं तिथं नाहीत. तुमचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ वाचत असतील, मराठी विभाग ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ मागत असेल, तर ती सरसकट बंद करू नका. या योजनेची मंजुरी २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांची आहे. तेवढ्यावर भिस्त ठेवून जुने बांधलेले खंड रद्दीत काढायला मी कुणालाही सांगणार नाही.

पॅकेजच्या बाबतीत एजन्सीकडून जर्नलांची संपूर्ण यादी मागा, आयएसएसएनसह. मग त्यांतली किती तुम्हाला योजनेत आधीच मिळतात आणि किती मुळातच सगळ्यांना मोफत खुली आहेत, ते तपासा. खुल्या जर्नलांची डीओएजे ही सूची कुणालाही पाहता येते. ‘हजारो जर्नलं’ असं सांगणाऱ्या पॅकेजात पैसे देण्याजोगी थोडीच उरली, तर तेवढीच थेट प्रकाशकाकडून घ्या.

बिल आलं तर कराची ओळही वाचा. छापील नियतकालिकांवर जीएसटी नाही. ऑनलाइन शैक्षणिक जर्नलांवर एरवी १८ टक्के लागतो, पण महाविद्यालय पातळीच्या शिक्षणसंस्थांना त्यातून २०१८पासून सूट आहे. शाळा आणि उच्च माध्यमिकपर्यंतच्या संस्थांना ती नाही. एजन्सीचं सेवाशुल्क असेल तर त्यावर कर लागतो, म्हणून ते वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. सगळ्या रकमेवर सरसकट १८ टक्के लावलेलं बिल आलं तर सही न करता दुरुस्तीसाठी परत पाठवा.